आधी वाटणी, मग डेटाबेस

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद आहे. त्याच तालुक्यातल्या टेंभली या लहानशा गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. एप्रिल २०१६मध्ये दिलेल्या क्रमांकांचा आकडा १०० कोटींवर गेला. एका नोंदीपासून शंभर कोटी नोंदींपर्यंतची ही वाढ साडेपाच वर्षांत झाली. त्यामुळे वाढत्या पसाऱ्याला पुरून उरेल असा डेटाबेस कसा निवडावा, या प्रश्नाचा अभ्यास करायला मराठी वाचकाला कॅलिफोर्नियाकडे पाहण्याची गरज नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदसाठ्यांपैकी एकाची पहिली ओळ खानदेशात लिहिली गेली आहे, आणि त्याच तालुक्यातल्या सातबाऱ्यात, रेशनच्या यादीत या प्रश्नाच्या बाकीच्या बाजूही दिसतात. या सगळ्या पुराव्यावरून माझे एक म्हणणे आहे. डेटाबेस निवडताना ‘कोणता घ्यावा’ हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. नोंदींची वाटणी कशावर करायची आणि वाढणार आहे ते नेमके काय, हे आधी ठरले तर उत्पादनाचे नाव जवळजवळ आपोआप ठरते. ते ठरले नसेल तर जगातला उत्तमातला उत्तम डेटाबेसही तोंडघशी पाडतो.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधारित म्हणजे रिलेशनल रचनेची मांडणी केली. माहिती तक्त्यांत ठेवायची, तक्ते एकमेकांशी रकान्यांनी जोडायचे आणि हवे ते एसक्यूएल या भाषेत मागायचे, ही पद्धत त्यातून रुळली. ऑरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही सगळी त्याच कुळातली. ही घराणी वाढली ती मुख्यतः एका यंत्रावर. यंत्र अपुरे पडले की मोठे यंत्र आणायचे. इंटरनेटवरच्या कंपन्यांना हे परवडेना, तेव्हा गूगलने २००६ साली बिगटेबलवर आणि ॲमेझॉनने २००७ साली डायनॅमोवर निबंध प्रसिद्ध केले. अनेक साध्या यंत्रांवर माहिती वाटून ठेवायची आणि त्यासाठी एसक्यूएलच्या काही सोयी सोडायच्या, हा त्यांतला मार्ग होता. एचबेस बिगटेबलच्या धर्तीवर बांधला गेला, कॅसँड्राने दोन्हींकडून घेतले, मोंगोडीबीने पूर्ण दस्तऐवज एकत्र ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. २०१२ साली गूगलनेच स्पॅनर मांडला आणि वाटलेल्या यंत्रांवरही काटेकोर व्यवहार करता येतात हे दाखवले. तेव्हापासून बाजारात पर्यायांची इतकी गर्दी आहे की निवड करणारा माणूस जाहिरातीतल्या आकड्यांची तुलना करत बसतो. सेकंदाला किती नोंदी लिहिल्या, किती वाचल्या, एवढाच त्याचा विचार होतो.

या आकड्यांची किती गरज असते, ते एकदा हिशेब मांडून पाहावे. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ आहे. प्रत्येक माणसाची नाव, पत्ता, जन्मतारीख, कुटुंबक्रमांक अशी एक किलोबाइटची नोंद धरली तर अख्खा जिल्हा दीड-पावणेदोन गिगाबाइटमध्ये मावतो. म्हणजे खिशातल्या फोनमध्ये मावतो. जिल्ह्यात चार लाख शिधापत्रिका आहेत असे धरू आणि त्या सगळ्या महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत, रोज आठ तासांत दुकानावर येतात असेही धरू. तरीही सेकंदाला दीड व्यवहारसुद्धा होत नाही. पोस्टग्रेससारखा फुकट मिळणारा डेटाबेस साध्या सर्व्हरवर सेकंदाला हजारो व्यवहार सहज करतो. त्यामुळे सहा तालुक्यांच्या एखाद्या योजनेसाठी, साखर कारखान्याच्या ऊसनोंदीसाठी, पतसंस्थेसाठी, बाजार समितीच्या मिरचीच्या लिलावासाठी एक नीट सांभाळलेला रिलेशनल डेटाबेस, त्याची दुसऱ्या ठिकाणी चालती प्रत आणि रोजचा बॅकअप एवढे पुरते. त्याहून मोठे काही घेणे म्हणजे पाच एकरांच्या शेतासाठी धरण मागणे. अशा ठिकाणी संगणक संथ चालतो तो बहुतेक वेळा इंडेक्स नसल्यामुळे, एकाच पानासाठी शंभर वेळा डेटाबेसला हाक मारल्यामुळे किंवा लाइन कमकुवत असल्यामुळे. नवा डेटाबेस आणून यातले काहीच सुधारत नाही.

मग आधारला वेगळे काय लागले? सव्वाशे कोटी माणसांच्या नाव-पत्त्याच्या नोंदीसुद्धा एक-सव्वा टेराबाइटच्या आसपासच जातात, आणि एवढी जागा आज दुकानात मिळणाऱ्या एका डिस्कवर असते. माणसांची संख्या हे ओझे नव्हतेच. ओझे तीन ठिकाणी होते आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा होता. पहिले, बोटांचे दहा ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहऱ्याचा फोटो मिळून एका माणसाचे नोंदणी-पाकीट सुमारे पाच मेगाबाइटचे होते. रोज दहा लाख नोंदण्या धरल्या तर दिवसाला पाच टेराबाइट नवी भर. दुसरे ओझे जुळणीचे. एकाच माणसाने दोन क्रमांक घेऊ नयेत म्हणून प्रत्येक नव्या माणसाची तुलना आधीच्या सगळ्यांशी करायची. साठ्यात वीस कोटी माणसे असताना दहा लाख नवी आली तर एका दिवसात दोन कोटी कोटी तुलना होतात, आणि उद्या साठा दुप्पट झाला की तेवढ्याच नव्या माणसांसाठी काम दुप्पट होते. तिसरे ओझे ओळख-तपासणीचे. रेशन दुकानात, बँकेत, सिम कार्ड घेताना बोट ठेवले की क्षणात हो किंवा नाही यायला हवे, आणि असे प्रसंग दिवसाला कोट्यवधी. ओळी, आकारमान, तुलना आणि एका वेळची गर्दी या चार वाढी एकमेकींसारख्या नसतात. ‘आमची माहिती खूप वाढणार आहे’ असे म्हणणाऱ्याला यांपैकी कोणती, हे सांगता येत नसेल तर त्याने डेटाबेसच्या बाजारात पाऊलच ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

आधार प्राधिकरणाच्या तंत्रज्ञांनी २०१२च्या सुमारास जी रचना जाहीरपणे मांडली, तीत या प्रश्नाचे उत्तर एका नावात नव्हते. दिलेल्या क्रमांकांच्या नाव-पत्त्याच्या नोंदी मायएसक्यूएलमध्ये, अनेक तुकड्यांत वाटून. नोंदणीचे दस्तऐवज फोटोसह मोंगोडीबीत. बायोमेट्रिक टेम्प्लेट एचबेसमध्ये. मूळ सीलबंद पाकिटे हडूपच्या फाइलसाठ्यात आणि तिथून संग्रहात. नावावरून शोध घ्यायला सोलर हे शोधसाधन. जुळणीचे काम तर डेटाबेसकडे नव्हतेच. ते तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या खास यंत्रणांना एकाच वेळी वाटून दिले होते. जी नोंद क्षणात हवी ती मायएसक्यूएलसारख्या जुन्या, साध्या साधनात, आणि जी वर्षातून एखाद्या वेळी उघडायची ती स्वस्त, संथ साठ्यात. ज्या काळात ‘रिलेशनल आता संपले’ असे सगळीकडे बोलले जात होते, त्या काळात देशातल्या सर्वांत मोठ्या नोंदसाठ्याचा सर्वांत नाजूक भाग मायएसक्यूएलवर उभा होता. फेसबुकही वर्षानुवर्षे मायएसक्यूएलच्या हजारो तुकड्यांवर चालत आले आहे. या दोन उदाहरणांनंतर ‘एसक्यूएल वाढत नाही’ हे वाक्य तंत्राच्या चर्चेतून कायमचे काढून टाकायला हरकत नाही. न वाटलेले एसक्यूएल वाढत नाही, एवढेच खरे.

वाटणी म्हणजे शार्डिंग. शेतीच्या वाटणीसारखेच हे काम आहे. एकदा बांध पडले की ते सरकवणे भांडणाचे आणि खर्चाचे. समजा नोंदी आडनावाच्या पहिल्या अक्षरावर वाटल्या. नंदुरबार जिल्ह्यात पाडवी, वळवी, वसावे, गावित, पावरा, पाटील या आडनावांची घरे इतकी आहेत की ‘प’ आणि ‘व’चे सर्व्हर घामाघूम होतील आणि ‘ढ’चा सर्व्हर रिकामा बसेल. जन्मतारखेवर वाटू म्हटले तर आणखी मोठी चूक होईल. महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आहे, आणि ज्यांना फक्त वर्ष माहीत होते त्यांच्या आधार कार्डावर १ जानेवारी आली आहे. कागदावर ३६५ सारखे भाग दिसतात, प्रत्यक्षात दोन तारखांवर डोंगर उभे राहतात. चढत्या क्रमाने क्रमांक द्यावेत आणि त्यावर वाटणी करावी, हा तिसरा मोह. एचबेससारख्या साठ्यात नोंदी क्रमाने लावलेल्या असतात, त्यामुळे चढता क्रमांक दिला की आजच्या सगळ्या नव्या नोंदी शेवटच्या एकाच यंत्रावर जातात. आठवडे बाजारात वीस दुकाने मांडलेली आहेत आणि सगळे गिऱ्हाईक एकाच दुकानापुढे उभे आहे, अशी ती स्थिती होते. उरलेली एकोणीस यंत्रे विकत घेतलेली असतात, वीज खातात, आणि काम करत नाहीत.

आधार क्रमांकाच्या बारा अंकांकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. तो क्रमांक यदृच्छ आहे. त्यात राज्य नाही, जिल्हा नाही, जन्मवर्ष नाही, जात नाही. तो ० किंवा १ने सुरू होत नाही, आणि शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीचा पडताळा-अंक असल्याने एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर चूक जागच्या जागी पकडली जाते. उरलेल्या दहा अंकांना मोकळीक धरून ८,००० कोटी क्रमांक शक्य होतात. क्रमांकातून माणसाविषयी काही कळू नये, हा यदृच्छतेमागचा खासगीपणाचा हेतू सर्वांना माहीत आहे. पण वाटणीच्या दृष्टीनेही ती तेवढीच मोलाची आहे, कारण अशा क्रमांकावर तुकडे पाडले की कोट्यवधी माणसे आपोआप सारखी पसरतात. म्हसावदच्या एकाच घरातले पाच जण पाच वेगळ्या यंत्रांवर जातात आणि कोणत्याही सकाळी कोणत्याही एका गावाची गर्दी एका यंत्रावर पडत नाही.

त्याहून हुशारीचा निर्णय मला नोंदणीच्या पावतीवर दिसतो. नोंदणी झाल्यावर मिळणाऱ्या पावतीवर चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि त्यापुढे तारीख-वेळ असते. मिळून अठ्ठावीस अंक. त्यात नोंदणी करणाऱ्या संस्थेची आणि यंत्रसंचाची ओळख आहे, त्या संचावरचा अनुक्रम आहे आणि सेकंदापर्यंतची वेळ आहे. यामुळे डोंगरातल्या एखाद्या शाळेच्या ओसरीवर ठेवलेला लॅपटॉप बंगळूरूच्या केंद्राला काहीही न विचारता असा क्रमांक देऊ शकत होता, जो देशात दुसऱ्या कुणाला कधीच मिळणार नव्हता. नेटवर्क नसले तरी काम अडत नव्हते. पाकिटे सीलबंद होऊन लॅपटॉपवर थांबायची आणि लाइन मिळाली की पुढे जायची. केंद्रात रांग लागली तरी ओसरीवर नोंदणीला आलेल्या बाईला तिचा परिणाम जाणवत नव्हता. तिच्या हातात पावती होती. ज्या कामाला थांबणे परवडते त्याला रांगेत लावा आणि ज्याला परवडत नाही त्यालाच ताजे उत्तर द्या, हा विस्ताराचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. लाखभर रुपयांच्या परवान्याने जे साधत नाही ते क्रमांकाच्या अशा बांधणीने साधते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. यदृच्छ वाटणी केली की ‘म्हसावदच्या सगळ्या लोकांची यादी द्या’ या साध्या मागणीसाठी प्रत्येक यंत्राचे दार ठोठावावे लागते. शंभर तुकडे असतील तर शंभर प्रश्न, आणि त्यांतला सर्वांत संथ तुकडा जेवढा वेळ लावेल तेवढा एकूण वेळ. ही किंमत खरी आहे. आधारने ती शोधासाठी वेगळा इंडेक्स ठेवून काही अंशी टाळली, आणि बाकी अशा मागण्यांना त्या साठ्यात प्रमुख स्थानच दिले नाही. तिथे मुख्य प्रश्न एकच आहे: हा क्रमांक, हे बोट, जुळते का? एका क्रमांकाची एक नोंद उचलायची आणि पाहायची. कोणता प्रश्न स्वस्त ठेवायचा आणि कोणता महाग पडू द्यायचा, हे वाटणी ठरवते. सगळेच प्रश्न स्वस्त ठेवणारी वाटणी अजून कुणाला सापडलेली नाही.

म्हणूनच आधारची वाटणी उचलून सातबाऱ्याला लावता येत नाही. जमीन उठून दुसऱ्या गावी जात नाही. गट क्रमांक गावाचा, गाव तालुक्याचा, तालुका जिल्ह्याचा, ही उतरंड शतकाहून जुनी आहे आणि महसुलाचे सगळे प्रश्न तिच्याच वाटेने येतात. फेरफार घालताना विकणाऱ्याचे नाव कमी होणे आणि घेणाऱ्याचे नाव चढणे एकाच क्षणी व्हावे लागते; मधल्या क्षणी जमिनीला दोन मालक किंवा एकही मालक नसेल तर कोर्टाची पायरी ठरलेली. हे दोन्ही बदल एकाच गावाच्या, म्हणजे एकाच तुकड्याच्या आत होतात, त्यामुळे रिलेशनल डेटाबेसचा काटेकोर व्यवहार इथे जसाच्या तसा वापरता येतो. संगणकीकरणाच्या सुरुवातीच्या काळात तालुक्यातालुक्यात वेगळा साठा होता, नंतर तो एकत्र आणला गेला, १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. साठा कुठे बसवला हे बदलले, सॉफ्टवेअर बदलले, पण गाव हा वाटणीचा आधार बदलावा लागला नाही. तो वस्तुस्थितीशी जुळलेला होता म्हणून टिकला.

रेशनच्या बाबतीत हाच आधार चुकला. शिधापत्रिका दुकानाला बांधली, दुकान गावाला बांधले, आणि माणूसही जमिनीसारखा एका जागी राहतो असे धरले. नंदुरबारमध्ये हे धरणे किती चुकीचे आहे ते दिवाळीनंतर दिसते. धडगाव, अक्कलकुवा, शहादा, तळोदा भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे जातात आणि पावसाळ्याआधी परततात. त्या महिन्यांत त्यांचे धान्य घरच्या दुकानाच्या यादीत आणि भूक दुसऱ्या राज्यात, अशी वेळ यायची. ऑगस्ट २०१९मध्ये एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य देण्याची सोय ज्या जोड्यांत प्रथम सुरू झाली त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात ही एक जोडी होती. दुसरी आंध्र प्रदेश आणि तेलंगणची. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर वाटणीचा रकाना ‘दुकान’ होता तो ‘कुटुंब’ करावा लागला, आणि दोन राज्यांच्या वेगळ्या साठ्यांना एकमेकांना विचारण्याची वाट करून द्यावी लागली. यंत्रे कमी पडत होती म्हणून हा बदल करावा लागला नव्हता. माणसे कशी जगतात हे तक्ता आखताना पाहिले गेले नव्हते, म्हणून करावा लागला. स्थलांतराची ही वाट काही २०१९ साली पडलेली नाही. पहिल्या दिवशी विचारले असते तर गावातल्या कुणीही सांगितली असती.

आता दुसरा आक्षेप. वाटणी बदलणे इतके कठीण असेल तर सुरुवातीलाच पसरणारा डेटाबेस का घेऊ नये? उद्या धावपळ करण्यापेक्षा आजच सोय केलेली बरी, असे अनुभवी लोकही म्हणतात. या म्हणण्याचा अर्धा भाग मला मान्य आहे. वाटणीचा विचार पहिल्या दिवशीच करावा, प्रत्येक तक्त्यात तो रकाना पहिल्या दिवशीच असावा, आणि दोन वेगळ्या वाट्यांतल्या नोंदी एकाच व्यवहारात बदलाव्या लागतील असा प्रोग्राम शक्यतो लिहू नये. एवढे केले की एका यंत्रावरचा पोस्टग्रेस पुढे दहा यंत्रांवर नेणे कष्टाचे असले तरी शक्य असते. पण दहा यंत्रे पहिल्याच दिवशी मांडणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यांची देखभाल, त्यांतले एखादे बंद पडल्यावरची सावरासावर, प्रतींमधला फरक शोधणे, हे सगळे जाणणारी माणसे तालुक्याच्या ठिकाणीच काय, पुण्यातसुद्धा सहज मिळत नाहीत. न लागणाऱ्या क्षमतेची किंमत रोज मोजावी लागते आणि ती बहुतेक वेळा रात्री दोन वाजता मोजावी लागते. शिवाय पहिल्या दिवशी आपल्याला वाढीची दिशा माहीत नसते. रेशनच्या यादीवर दहा यंत्रांचा डेटाबेस बसवला असता तरी वाटणी दुकानावरच झाली असती, आणि ती बदलणे दसपट अवघड गेले असते.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे. स्पॅनर आणि त्याच्या धर्तीवर आलेले डेटाबेस स्वतःच तुकडे पाडतात, गर्दी वाढली की तुकडा दुभागतात, आणि क्लाउडवर भाड्याने मिळतात. मग वाटणीची चिंता माणसाने का करावी? ही साधने उत्तम आहेत आणि ज्यांना अनेक शहरांत पसरलेले, तरीही पैशासारखे काटेकोर व्यवहार करायचे आहेत त्यांनी ती जरूर पाहावीत. यूपीआयने ऑगस्ट २०२३मध्ये महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. त्या टप्प्याची सरासरी काढली तरी दर सेकंदाला पावणेचार हजार व्यवहार होतात, आणि सणाच्या संध्याकाळचा आकडा सरासरीच्या कितीतरी वर असतो. तिथे माणसाने हाताने बांध घालत बसणे बरे नव्हे. पण स्वयंचलित वाटणीलाही क्रम लागतो, आणि तो क्रम आपण निवडलेल्या रकान्यावरून येतो. स्पॅनरची स्वतःची सूचनापत्रेच चढता क्रमांक पहिला रकाना करू नका असे बजावतात. आपोआप दुभागणारा तुकडासुद्धा एकाच नोंदीवर पडलेली गर्दी दुभागू शकत नाही. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता कोविड लसीकरणाच्या कोविन यंत्रणेवर अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी खुली झाली आणि त्या एका दिवसात सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. त्या काळात एखाद्या लसीकरण केंद्रावरच्या शंभर जागांसाठी लाख फोन एकदम धडकत होते, तेव्हा त्या केंद्राची ‘उरलेल्या जागा’ ही एक ओळ सगळ्यांनाच हवी होती. ती ओळ शंभर यंत्रांत कशी वाटणार? तिथे उपाय निघतो तो कामाच्या रचनेत: रांग लावणे, टोकन देणे, वेळ विभागून खुली करणे.

या सगळ्यांत सर्वांत अवघड निवड मला वाटते ती लाइन तुटल्यावरची. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेले आणि २००२ साली गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केलेले तत्त्व असे आहे, की वाटलेल्या साठ्यातला दुवा तुटला तर एकतर उत्तर देण्याचे थांबवा, नाहीतर चुकीचे ठरू शकेल असे उत्तर देण्याची तयारी ठेवा. दोन्ही एकदम मिळत नाही. पुस्तकात हे कोरडे वाटते. पण म्हसावद सोडून धडगावच्या घाटाला लागले की मोबाइलची रेघ कमी होत जाते, आणि तिथल्या रेशन दुकानात पॉस यंत्रावर बोट ठेवून उभी राहिलेली बाई हाच सिद्धान्त अंगावर झेलत असते. पडद्यावर चाक फिरत राहते. केंद्राचे उत्तर येत नाही. दुकानदार धान्य देत नाही, कारण यंत्राने ‘हो’ म्हटलेले नाही. दिवसाची मजुरी बुडवून आलेली ती रिकामी पिशवी घेऊन डोंगर चढते. हा तांत्रिक बिघाड नाही. उत्तर चुकण्यापेक्षा न दिलेले बरे, अशी निवड कुणीतरी आधीच केलेली आहे आणि तिची किंमत या बाईने मोजली आहे.

बँकेच्या खात्यासाठी ही निवड योग्य आहे. धान्यासाठी ती योग्य आहे असे मला अजिबात वाटत नाही. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो, एवढाच हक्क आहे. लाइन नसताना यंत्राने आपल्याजवळच्या कालच्या यादीवरून धान्य दिले आणि व्यवहार नंतर केंद्राला कळवला, तर फार तर काय होईल? एखादे कुटुंब एखाद्या महिन्यात दोन दुकानांतून धान्य नेईल. ते पुढच्या मेळात सापडेल आणि पुढच्या महिन्यात वळते करता येईल. तोटा मर्यादित आहे, मोजता येणारा आहे, भरून निघणारा आहे. उपाशी गेलेला आठवडा भरून निघत नाही. नोंदणीच्या वेळी ज्या रचनेने लॅपटॉपला केंद्राला न विचारता काम करू दिले, तीच मोकळीक वाटपाच्या वेळी काढून घेण्याचे काहीही तांत्रिक कारण नाही. भ्रष्टाचार होईल, असे म्हटले जाते. जिथे यादी आणि परिमाण दोन्ही ठरलेली आहेत तिथे उशिरा होणारा मेळही चोरी पकडतो.

क्षमतेच्या आकड्यांत ही बाई दिसत नाही, म्हणून आणखी एक पुरावा समोर ठेवायला हवा. केंद्र सरकारच्या २०१६-१७च्या आर्थिक पाहणीनेच, झारखंडमध्ये ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्क्यांपर्यंत ओळख-तपासणी अयशस्वी ठरल्याचे अंदाज नोंदवले होते. कोयता आणि कुदळ चालवून झिजलेली बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत, हे कुठल्याही ऊसतोड टोळीत पाहायला मिळते. केंद्रातल्या डेटाबेसने अशा वेळीही काही मिलिसेकंदांत, अचूकपणे ‘नाही’ असे उत्तर दिलेले असते. त्याच्या तक्त्यात तो यशस्वीपणे हाताळलेला प्रश्न आहे. कोट्यवधी नकार वेगाने देणे यालाही आपण विस्तार म्हणायचे का? मी म्हणणार नाही. धान्य मिळालेल्या माणसांची संख्या ज्या रकान्यात मोजली जाते तो रकाना क्षमतेच्या अहवालात असलाच पाहिजे, आणि डेटाबेस निवडणाऱ्या समितीने तो मागितलाच पाहिजे.

साठ्यातून काय काढून टाकायचे, हाही निवडीचाच भाग आहे, आणि त्यावर आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते. ओळख-तपासणीच्या प्रत्येक प्रसंगाची नोंद आधारच्या नियमांनुसार पाच वर्षे जपायची होती. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत सहा महिन्यांवर आणली. न्यायालयापुढे प्रश्न नागरिकाच्या खासगीपणाचा होता, पण त्या एका निर्णयाने सतत फुगणाऱ्या एका साठ्याचा आकार दहाव्या हिश्शावर बांधला गेला. कोणत्याही नव्या यंत्रणेने एवढी जागा, एवढा बॅकअपचा वेळ, एवढी चोरीची भीती एका फटक्यात कमी केली नसती. सहकारी बँका, कारखाने, दवाखाने यांच्या साठ्यांतही कुणी कधी न उघडणाऱ्या नोंदी वर्षानुवर्षे रोजच्या वापरातल्या डिस्कवर पडून असतात आणि त्यांच्यामुळे रोजचे काम संथ होते. महिन्यावर वाटलेला तक्ता असेल तर जुना महिना सोडवून बाजूला ठेवणे क्षणाचे काम असते. तसा वाटलेला नसेल तर एकेक ओळ पुसताना चालता डेटाबेस अडतो. पुन्हा वाटणीच.

आणि निवड पक्की करण्याआधीची चाचणी. ती बहुतेक वेळा शहरातल्या थंड खोलीत, वेगवान लाइनवर, संगणकाने बनवलेल्या सारख्या पसरलेल्या खोट्या नावांवर होते. त्या चाचणीत सगळेच डेटाबेस उत्तीर्ण होतात. चाचणीच्या साठ्यात लाखभर पाडवी आणि वळवी असावेत, चौथा हिस्सा माणसे १ जूनला जन्मलेली असावीत, एकाच नावाचे तीन स्पेलिंग असावेत, महिन्याच्या पहिल्या तारखेची सकाळ असावी, दर दहा मिनिटांनी एक दुवा तोडावा. आणि निदान एक पॉस यंत्र तोरणमाळच्या चढावर, जिथे रेघ येते आणि जाते तिथे, दिवसभर चालवून पाहावे.